रोजंदारीवालीलाही बाळंतपणाची रजा

विष्णुपुरीत मेस, वसतिगृह, साफसफाई अशी कामं ठेकेदाराकडे करणाऱ्या आपण कितीतरी जणी. पोट दिसायला लागलं की "आता घरी बस" म्हणतात, आणि आपण बसतो. पगारी रजा कायम नोकरीवालीचीच, असं धरून चालतो. तसं नाही. दिल्ली महापालिकेत मस्टरवर राबणाऱ्या बायांसाठी त्यांची युनियन लढली, आणि 8 मार्च 2000 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, हा हक्क त्यांचाही आहे.

हिशोब असा. बाळंतपणाच्या तारखेआधीच्या 12 महिन्यांत त्या मालकाकडे 80 दिवस भरलेले हवेत. मग 26 आठवडे पगारी रजा. त्यातले 8 आधी घेता येतात. दोन मुलं आधीच असतील तर 12. गर्भपात झाला तर 6. कारखान्याला आणि दहा किंवा जास्त माणसं असलेल्या दुकान-आस्थापनेला हे लागू. शेतमजुरीला नाही, ही मोठीच उणीव. रजेवर असताना कामावरून काढणं बेकायदा. ईएसआयसी कापली जात असेल तर पैसे तिकडून मिळतात, नियमही तिथले.

खरी अडचण त्या 80 दिवसांची, कारण मस्टर ठेकेदाराच्या हातात. म्हणून रोजची हजेरी आपल्या वहीत तारखेसह लिहा, गटातली एखादी साक्षीला ठेवा. अर्ज लेखीच द्या. मिळाल्याची सही घेतलेली प्रत घरी, रेशनकार्डाच्या पिशवीत.