तळ्यांतील मासळीचा व्रणरोग

पाऊस सरून थंडी पडूं लागली कीं, शेततळ्यांत मासळी वाढविणाऱ्यानें रोज सकाळीं कांठानें एक फेरी मारीत जावी. मासे सुस्तपणें पाण्यावर तरंगत असतील व अंगावर तांबडे चट्टे दिसत असतील, तर एक दिवसही दवडूं नये. याच चट्ट्यांचे पुढें खोल व्रण होतात, मांस झडतें, आणि विक्रीस आलेलें पीक डोळ्यांदेखत जातें.

हा रोग आपल्या देशांत १९८८ सालीं ईशान्य भागांत प्रथम दिसला. त्याचें मूळ बुरशीसारख्या ‘ॲफॅनोमायसीस’ नामक सूक्ष्म जीवांत आहे. त्यानें कातडी फोडली कीं ‘एरोमोनस’ जातीचे जंतु जखमेंत शिरतात. हे जंतु मात्र निरोगी तळ्यांतही असतातच. बोटुकली दाट सोडली, उरलेलें खाद्य तळाशीं कुजूं दिलें, म्हणजे त्यांचें फावतें. मरळ, मृगळ यांस हा रोग जडतो. सायप्रिनस व तिलापिया त्यास सहसा दाद देत नाहींत.

व्रण पडलेल्या मासळीस गिऱ्हाईक नसतें, आणि बोभाटा झाला कीं शेजारच्या चांगल्या मालाचाही भाव उतरतो. वास्तविक ही बुरशी माणसास बाधत नाहीं. एरोमोनसाची गोष्ट निराळी. हाताला चीर असतां रोगट मासळी हाताळल्यास जखम चिघळूं शकते. मासळी कच्ची राहिल्यास पोट बिघडूं शकतें.

ऐकीव माहितीवर तळ्यांत जंतुनाशक औषधांच्या पुड्या ओतण्याची हौस आम्हांस कधींच समजली नाहीं. तिनें औषधास न जुमानणारे जंतु तेवढे पोसले जातात. क्लोरॅम्फेनिकॉल व नायट्रोफ्युरान यांना तर मत्स्यपालनांत कायद्यानेंच बंदी आहे. त्यापेक्षां चुना बरा. थंडीपूर्वीं पाण्याची आम्लता तपासून एकरीं सुमारें ८० किलो चुना, एकदम न टाकतां, थोडा थोडा करून द्यावा. रोग दिसल्यास भुवनेश्वरजवळील कौसल्यागंगा येथील केंद्रीय संस्थेनें सिद्ध केलेलें ‘सिफॅक्स’ हें औषध आहे. हेक्टरी एक मीटर खोल पाण्यास एक लिटर पुरतें.

मेलेली मासळी ओढ्यांत फेंकूं नये. चुना घालून खोल पुरावी. जाळें उन्हांत खडखडीत वाळल्यावांचून दुसऱ्या तळ्यांत घालूं नये, मग तें शेजाऱ्यानें मागितलेलें कां असेना.