मेसेज गेला, मेमरी का अडकली?

३० एमबीची फाइल मेसेजमधून सर्व्हिसकडे येते, काम काही सेकंदांत उरकतं, पण ‘टॉप’मध्ये त्या प्रोसेसची चढलेली मेमरी तासाभरानंतरही तेवढीच दिसते. मग टीममध्ये कुणीतरी ‘लीक आहे’ असा निकाल देतं आणि रोज रात्री रीस्टार्टचा क्रॉन जॉब लावून मोकळं होतं. आजार कोणता ते न बघताच औषध सुरू!

गैरसमज: फ्री केलेली मेमरी लगेच ऑपरेटिंग सिस्टीमकडे परत जाते.

सी किंवा सी++ मधला ‘फ्री’ जागा परत देतो ती अ‍ॅलोकेटरला. हा घाऊक घेऊन किरकोळ विकणारा व्यापारी. परत आलेला माल तो पुढच्या गिऱ्हाइकासाठी गोदामात ठेवतो. लिनक्सवरची जीलिबसी मोठ्या मागण्यांसाठी, सुरुवातीला १२८ केबीपासून पुढे, ‘एममॅप’ने वेगळी जागा घेते. ती फ्री होताच खरोखर परत जाते. मग मोठ्या मेसेजचं दुखणं उरायलाच नको. पण खरी गोम पुढे आहे. २० एमबीचा असा तुकडा एकदा फ्री झाला, की प्रोग्रामला एवढ्या जागेची गरज वरचेवर पडणार असं धरून जीलिबसी ती मर्यादाच २० एमबीवर नेते. ६४-बिट मशीनवर ती ३२ एमबीपर्यंत चढू शकते. तेवढाच पुढचा मेसेज मग साध्या हीपमध्ये जातो. तिथली जागा आपोआप परत जाते ती फक्त वरच्या टोकाची, आणि तीही आता दुप्पट, म्हणजे ४० एमबी, साचल्यावर. टोकाशी लॉगची शंभर बाइटांची ओळ जिवंत असली, तरी खालचं सगळं अडकून राहतं. ‘मॅलॉक ट्रिम’ हाताने बोलावलं, तर मधली रिकामी पानंही सुटतात. एममॅपची मर्यादा स्वतः ठरवून दिली, तर ती आपोआप वर सरकत नाही.

गैरसमज: गार्बेज कलेक्टर असला की काळजी नाही.

डॉटनेटमध्ये ८५,००० बाइट किंवा त्याहून मोठी वस्तू ‘लार्ज ऑब्जेक्ट हीप’वर जाते. तिथली साफसफाई फक्त दुसऱ्या पिढीच्या कलेक्शनमध्ये होते आणि उरलेल्या वस्तू एरवी सरकवून एकत्र केल्या जात नाहीत, त्यामुळे मध्ये भोकं राहतात. शिवाय सर्व्हिस निवांत बसली असेल, तर कलेक्टरलाही धावायचं कारण नसतं.

आता हिशेब बघा. ३० एमबीची फाइल बेस६४ मध्ये ४० एमबी होते. ती स्ट्रिंगमध्ये घेतली की अक्षराला दोन बाइट, म्हणजे ८० एमबी. डीकोड केल्यावर पुन्हा ३०. तिन्ही एकाच वेळी जिवंत असतील, तर १५० एमबी झाले, आणि एक्सएमएलचं झाड अजून बांधलेलंच नाही. इथे कोडमध्ये ‘जीसी कलेक्ट’ पेरणं ही मलमपट्टी झाली. मेसेज स्ट्रीम म्हणून तुकड्यातुकड्याने वाचला, तर एवढी जागा मुळात लागतच नाही.

याचा अर्थ लीक नसतेच, असाही नाही. जावा ७ च्या सहाव्या अपडेटआधी ‘सबस्ट्रिंग’ मूळ अ‍ॅरेच वापरायची. मेसेजमधला दहा अक्षरी ऑर्डर नंबर कॅशमध्ये ठेवला, की अख्खा मेसेज त्याच्यामागे अडकायचा. गोमधली स्लाइस आजही तशीच वागते. तिथे हवा तेवढा भाग कॉपी करून घ्यावा.

ओळखायचं कसं? एकाच आकाराचे मेसेज एकामागून एक शेकड्याने पाठवा. आलेख चढून सपाट झाला, तर बहुधा अ‍ॅलोकेटर किंवा कलेक्टर जागा राखून आहे. चढतच राहिला, तर हीप डंप घ्या आणि मेसेज कुणी धरून ठेवलाय ते शोधा.

सपाट आलेखावरही निर्धास्त होऊ नये. कंटेनरची मर्यादा ओलांडली, की कर्नल लीक आहे की राखीव साठा हे विचारत नाही. प्रोसेस मारतो आणि हाती १३७ हा एक्झिट कोड येतो. वरच्या हिशेबाचे दहा मेसेज एकदम आले, तर दीड जीबी लागतात. म्हणून एका वेळी किती मेसेज घ्यायचे, याला लगाम घालणं हे पहिलं काम.