अलिबागची चुंबकसूची आणि सूर्यावरची वादळे

भाऊच्या धक्क्यावरून निघालेली लाँच रेवसला लागली म्हणजे उतारूंची एकच धांदल उडते. ज्याला त्याला अलिबागच्या एस.टी.त जागा हवी असते. समुद्रात वादळाचे भय असले की बंदरावर बावटा चढतो, आणि त्याचा अर्थ या किनाऱ्यावरच्या लहान मुलालाही कळतो. परंतु याच वाटेने पुढे अलिबागेस गेले असता तेथे एक अशी जागा आहे, की जेथे वारा पडलेला आणि समुद्र शांत असतानाही वादळाची नोंद होते. ती जागा म्हणजे तेथील चुंबकीय वेधशाळा. ही वादळे कोणती, ती कोठून येतात आणि त्यांची नोंद ठेवून काय साधते, याचा विचार आम्ही येथे करणार आहोत.

होकायंत्रातील सूची उत्तर दाखविते, एवढे आपण सर्वजण शाळेत शिकलो. पण सूचीला उत्तरेकडे ओढणारे बल सदासर्वकाळ सारखे नसते. हे बल नॅनोटेस्ला या मापाने मोजतात. मुंबई-अलिबागकडे त्याचा आडवा भाग सदतीस-अडतीस हजार मापांच्या आसपास असतो. दिवस उगवला-मावळला की त्यात पन्नासएक मापांचा चढउतार होतो, तो नित्याचाच. मात्र एखाद्या दिवशी हे बल शंभर, दोनशे मापांनी झपाट्याने उतरते आणि पूर्वपदावर यायला त्याला काही दिवस लागतात. यालाच चुंबकीय वादळ म्हणतात.

त्याचे मूळ सूर्यात आहे. सूर्यापासून विद्युत्भारित कणांचा एक वारा अखंड वाहत असतो. कधी कधी सूर्यावर स्फोट होऊन अशा कणांचा प्रचंड लोट सुटतो व एक ते चार दिवसांत पृथ्वीपाशी येतो. त्या लोटाबरोबर आलेल्या चुंबकीय क्षेत्राची दिशा दक्षिणेकडे असली, तर पृथ्वीच्या चुंबकीय तटबंदीला जणू दार उघडते. आत शिरलेली शक्ती दोन ठिकाणी प्रकट होते. एक म्हणजे पृथ्वीभोवती वीस-तीस हजार किलोमीटरवर पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहणारे विजेचे कडे. त्याचे बल पृथ्वीच्या बलाच्या उलट पडते, म्हणून आपल्याकडील सूचीची ओढ कमी होते.

दुसरे ठिकाण ध्रुवांकडचे. तेथे विजेचे प्रवाह चुंबकीय रेषांवरून खाली उतरतात आणि सुमारे शंभर किलोमीटर उंचीवर आडवे वाहू लागतात. वरून येणारे कण हवेतील प्राणवायूवर व नत्रवायूवर आदळतात आणि आकाशात हिरवे-तांबडे पडदे झळकतात, तोच ध्रुवप्रकाश. आपल्या घरातील पंख्याला अर्धा अँपिअरही लागत नाही. या प्रवाहांत वादळाच्या वेळी दहा लाख अँपिअर आणि त्याहूनही अधिक वीज वाहते. नॉर्वेचे क्रिस्तियान बिर्कलंड यांनी ही कल्पना विसाव्या शतकाच्या आरंभीच मांडली, पण ती पुष्कळांना पटली नाही. बिर्कलंड १९१७ साली वारले. प्रवाहांची खूण उपग्रहाच्या वेधांत सापडली ती १९६६ साली.

आता आपल्या किनाऱ्याचा यात वाटा काय, ते पाहू. मुंबईस कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ पासून चुंबकीय वेध घेण्यास आरंभ झाला. प्रोफेसर ऑर्लेबार यांच्या हाताखाली तेथे काम करणाऱ्यांत केरो लक्ष्मण छत्रे हे तरुण होते. हेच पुढे पुण्यास लोकमान्य टिळकांचे गणिताचे गुरू झालेले केरूनाना. त्यांचा जन्म अलिबागजवळच्या नागावचा. घड्याळाकडे पाहावे, दुर्बिणीतून सूचीची जागा वाचावी आणि आकडा वहीत लिहावा, असे ते काम. त्यात कीर्ती नव्हती. त्या आकड्यांचा उपयोग पुढे काय होणार, हेही कोणाला सांगता आले नसते.

१ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडात रिचर्ड कॅरिंग्टन यांना सूर्यावर एक प्रखर झळक दिसली. दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, कुलाब्याची सूची भर सकाळी सुमारे सोळाशे मापांनी कोसळली. वादळ असता दर पंधरा किंवा पाच मिनिटांनी वेध घेण्याचा तेथील परिपाठ होता, म्हणूनच ती घसरण कागदावर राहिली. २००३ साली ब्रूस त्सुरुतानी, गुरबक्ष लाखिना प्रभृती शास्त्रज्ञांनी हे आकडे पुन्हा तपासले, तेव्हा त्यांचे मोल जगाला कळले. मात्र एक कोडे उरले. सूची पडली तशीच ती फार लवकर सावरली, आणि विजेचे कडे इतक्या लवकर विरत नाही. म्हणून काही अभ्यासकांना वाटते, की त्या दिवशी ध्रुवांकडचे प्रवाहच दक्षिणेकडे बरेच खाली सरकले असावेत. हा वाद आजही मिटलेला नाही.

पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येण्याचे ठरले. रुळांतून जमिनीत झिरपणारी वीज सूचीला चळविणार, हे उघड होते. तेव्हाचे संचालक नानाभाई मूस यांच्या काळात नवी जागा निवडली गेली ती अलिबाग. कुलाब्यापासून सरळ रेषेत तीसएक किलोमीटर. इमारतीसाठी पोरबंदरचा चुंबकत्वरहित दगड वापरला. १९०४ ते १९०६ दोन्हीकडे एकाच वेळी वेध घेतले, म्हणजे जुन्या आकड्यांना नवे आकडे बिनचूक जोडता यावेत. मुंबईत विजेची ट्राम धावली १९०७ साली. केरूनानांनी कुलाब्यास सांभाळलेले काम अशा रीतीने त्यांच्याच मुलखात आले. ही जागा ध्रुवीय प्रवाहांपासून दूर आणि भारताच्या दक्षिण टोकावरून जाणाऱ्या विषुववृत्तीय प्रवाहापासूनही अलग असल्यामुळे, विजेच्या कड्याचा परिणाम येथे बराचसा निर्भेळ उमटतो.

कोणी म्हणेल, सूची हलली तर आमचे काय बिघडले? ४ फेब्रुवारी १८७२ च्या रविवारी ध्रुवप्रकाश खुद्द मुंबईत दिसल्याचे वर्तमान छापून आले, आणि तारायंत्रांतही व्यत्यय आला. १३ मार्च १९८९ रोजी अशाच वादळाने कॅनडातील क्वेबेक प्रांताची वीज दीड मिनिटात कोलमडली आणि साठ लाख माणसे नऊ तास अंधारात बसली. मे २०२४ मध्ये लडाखात हान्ले येथे तांबडा ध्रुवप्रकाश टिपला गेला. १८५९ साली तारायंत्राखेरीज बिघडण्यासारखे फारसे नव्हते. आज वीज, विमाने, उपग्रह, कोळ्याला होडीत दिशा दाखविणारे यंत्र, सारेच त्या वाऱ्याच्या वाटेत आहे.

यासाठीही आता बावटा आहे. २ सप्टेंबर २०२३ रोजी, त्या जुन्या वादळाच्याच तारखेला, आपले आदित्य-एल१ हे यान निघाले. पृथ्वीपासून पंधरा लाख किलोमीटरवरून ते सौर वारा मोजते. लोट त्याच्यावरून गेला की पृथ्वीपाशी यायला अर्धा-पाऊण तास लागतो. पण येणारे वादळ किती मोठे, हे ठरविताना मागच्या वादळांशीच तुलना करावी लागते, आणि ती वही आपल्या किनाऱ्यावर आहे. जुने आकडे नव्याने घेता येत नाहीत.

म्हणून एक गोष्ट ध्यानात ठेवावी. सूचीला शांतता लागते. ट्रामने तिला मुंबईबाहेर काढले. आता अलिबागकडेही रस्ते, इमारती आणि वाहने वाढत आहेत, आणि ती वाढणारच. वेधशाळेच्या भोवतालची थोडी जागा लोखंडापासून आणि विजेच्या खेळापासून मोकळी ठेवणे, एवढेच आपल्या हाती आहे. मूस यांच्या पिढीने ट्राम येण्याआधी तीन वर्षे ही काळजी घेतली होती. आपणही ती वेळेवर घेतली, तर पुढच्या मोठ्या वादळाचा आकडा वहीत उतरेल.