लाकडी बाष्पक

लाकडी बाष्पक : सुगंधी, औषधी वा मादक वनस्पतींचा सुका पाला न जाळता केवळ गरम हवेने तापवून त्यातील बाष्पनशील द्रव्ये श्वासावाटे घेण्याचे, लाकडी ओंडक्याच्या लहान तुकड्यात बसविलेले विद्युत् उपकरण. घरच्या कार्यशाळेत छंद म्हणून असे बाष्पक बनविण्याचा प्रघात एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत मुख्यतः अमेरिकेची संयुक्त संस्थाने व कॅनडा या देशांत रूढ झाला. तेथे ते प्रामुख्याने गांजासाठी वापरले जाते. भारतात अशा उपकरणाच्या निर्मितीस २०१९ पासून कायद्याने बंदी आहे. हस्तव्यवसाय या दृष्टीने पाहता लाकूड, धातू व उष्णता यांना एकत्र नांदविण्याचा जुनाच प्रश्न या उपकरणात नव्या रूपाने पुढे येतो आणि तो नीट न सुटल्यास त्याची किंमत वापरणाऱ्याच्या फुप्फुसांना मोजावी लागते.

पूर्वपीठिका : वनस्पती तापवून त्यांची वाफ घेण्याची चाल प्राचीन आहे. सिथियन लोक तंबूत तापलेल्या दगडांवर भांगेचे बी टाकून त्याची वाफ घेत, असे वर्णन हीरॉडोटस या ग्रीक इतिहासकाराने इ. स. पू. पाचव्या शतकात केले आहे. सायबीरियातील अल्ताई पर्वतात पाझिरिक येथे सर्ग्येई रुडेंको यांनी केलेल्या उत्खननात दगड व भांगेचे बी असलेली धातूची पात्रे मिळाली आणि या वर्णनाला पुष्टी मिळाली. इंग्लंडमध्ये जॉन मज या वैद्याने १७७८ मध्ये कथिलमिश्रित धातूच्या पेल्यापासून वाफ घेण्याचे साधन तयार केले. १८६५ च्या सुमारास नेल्सन या नावाचे चिनी मातीचे साधन प्रचारात आले.

महाराष्ट्रातील घरगुती वाफारा हा याच जातीचा उपचार होय. ओव्यातील थायमॉलाचा उकळबिंदू सु. २३२° से., पुदिन्यातील मेंथॉलाचा सु. २१२° से. आणि निलगिरी तेलातील सिनिओलाचा सु. १७६° से. आहे. असे असूनही उकळत्या पाण्याच्या १००° से. तापमानाच्या वाफेबरोबर ही द्रव्ये काही प्रमाणात निघून येतात. कारण पाणी व तेल यांचे बाष्पदाब एकमेकांत मिळविले जातात. बाष्पकात पाणी नसते. त्यामुळे तेथे हवाच सु. १६०° ते २२०° से. पर्यंत तापवावी लागते. वाफाऱ्यात पाणी शिल्लक असेतोवर तापमान आपोआप मर्यादेत राहते. बाष्पकात ती मर्यादा कारागिराला स्वतः घालावी लागते.

अग्नी व लाकूड यांची फारकत : धूम्रपानाच्या देशी साधनांतही ही फारकत आढळते. अकबराचा दूत असद बेग याला विजापूर येथे तंबाखू आढळली व ती त्याने सतराव्या शतकाच्या आरंभी मोगल दरबारी नेली. त्या काळी विजापूरच्या आदिलशाहीत नळदुर्गाचा मुलूख मोडत असे आणि त्यालगतचे अणदूर (जि. धाराशिव, पूर्वीचा उस्मानाबाद) हे गावही याच परिसरातील होय. तंबाखूबरोबर रूढ झालेल्या गुडगुडीत नारळाची करवंटी पाण्यासाठी, कातीव लाकडाची नळी ओढण्यासाठी आणि भाजलेल्या मातीची चिलीम विस्तवासाठी असे. लाकूड ओठांकडे व माती विस्तवाकडे, ही वाटणी सोयीपुरती नव्हती. जळत्या तंबाखूचे तापमान झुरका घेताना सु. ९००° से. पर्यंत चढते आणि ते लाकडाला सोसत नाही. नुसती चिलीम ओढतानाही ती संपूर्ण मातीची असते व तोंडाशी ओले फडके धरतात.

बालाघाटच्या पठारावरील सुतारकामातही हे ज्ञान दिसून येते. बाभळीच्या लाकडाच्या बैलगाडीच्या चाकावर लालबुंद तापविलेली लोखंडी धाव चढविली की सुतार व लोहार तीवर ताबडतोब पाणी ओततात. धाव आकसून चाकाला आवळते, हा एक हेतू. लाकूड अधिक जळू नये, हा दुसरा. चाकावर हा संबंध काही क्षणांचा असतो. बाष्पकात तापलेला धातू व लाकूड तासन्‌तास शेजारी राहतात, म्हणून तेथे पाण्याऐवजी अंतराचा उपाय योजावा लागतो.

रचना व कार्य : सुकलेल्या फांदीचा किंवा लेथवर कातलेल्या लाकडाचा मुठीत मावेल एवढा तुकडा घेऊन त्याला आरपार भोक पाडतात. या भोकात अगंज पोलाद, पितळ वा काच यांची नळी बसवून तिच्या आत विद्युत् तापक ठेवतात. हवा खालून आत शिरते, तापकावरून जाताना तापते व वरच्या तोंडातून बाहेर पडते. जाळी बसविलेल्या काचेच्या आखूड नळीत चिमूटभर पाला घालून ती नळी या तोंडावर धरतात व हवा ओढतात. उष्णता येथे मुख्यतः वाहत्या हवेमार्फत पाल्याला मिळते.

तापकासाठी बहुधा १२ व्होल्टचा पुरवठा वापरतात. तापकाचा रोध १२ ओहम असल्यास त्यातून १ अँपिअर प्रवाह जातो व १२ वॉट शक्ती मिळते. दाब ९ व्होल्टवर आणल्यास शक्ती सु. ६·७५ वॉट, म्हणजे जवळजवळ निम्मी होते. म्हणून दाबातील लहानशा बदलाने तापमान पुष्कळ बदलते.

एक लिटर हवा ३०° पासून २००° से. पर्यंत तापविण्यास सु. २०० जूल उष्णता लागते. दहा सेकंदांच्या झुरक्यात ती पुरवावयाची, तर २० वॉट शक्ती हवी. शिवाय तापून स्थिर झालेल्या बाष्पकातून तापकाची सर्व उष्णता सभोवार झिरपतच असते. म्हणून झुरक्याला लागणारी उष्णता मुख्यतः धातूच्या गाभ्यातील साठ्यातून येते. पितळी गाभा ५० ग्रॅमचा असल्यास अशा झुरक्याने तो सु. १०° ते ११° से. ने निवतो, ५ ग्रॅमचा असल्यास ही घट शंभर अंशांच्या घरात जाते. जड गाभ्याचा बाष्पक सावकाश तापतो व दीर्घकाळ चालू ठेवावा लागतो, याचे कारण हेच होय.

साहित्य : लाकडाची ऊष्मीय संवाहकता अगंज पोलादाच्या सु. शंभरांश असते, म्हणून गाभा तापला तरी बाहेरील पृष्ठ हाताला सोसते. परंतु तोच गुण आतील बाजूस घातक ठरतो. झिरपलेली उष्णता दूर वाहून न जाता भोकाच्या कडेशी साठते. सु. २००° से. च्या पुढे लाकडातील हेमिसेल्युलोजाचे अपघटन सुरू होते आणि त्याहून कमी तापमानातही दीर्घकाळ राहिलेले लाकूड काळवंडत जाते. म्हणून नळी व लाकूड यांत हवेची पोकळी ठेवतात आणि नळीला केवळ दोन टोकांशी, उष्णतारोधक कड्यांवर आधार देतात. लाकूड पूर्ण मुरलेले असावे. ओले लाकूड तापून आकसते व तडकते. बाभूळ, शिसव यांसारखी घट्ट लाकडे कातण्यास चांगली असतात. तथापि शिसवाच्या भुशाने काहींच्या त्वचेला व श्वसनमार्गाला त्रास होतो. लाकडाच्या भुशाचा समावेश आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये मानवी कर्करोगाच्या निश्चित कारणांत केला आहे.

हवेच्या मार्गात येणाऱ्या प्रत्येक पदार्थाची कसोटी वेगळी असते. शिसे व कथिल यांचा नेहमीचा डाख १८३° से. च्या आसपास वितळतो, म्हणून गरम भागात तो चालत नाही. मधमाश्यांचे मेण सु. ६३° से. ला वितळते व लाखेचे रोगण त्याहून थोड्या अधिक तापमानाला मऊ पडते. ही दोन्ही केवळ बाहेरील पृष्ठास योग्य होत. जवसाच्या तेलाचे बोळे ढीग करून ठेवल्यास आपोआप पेट घेऊ शकतात. सरस, रंग व प्लॅस्टिक हवेच्या मार्गात मुळीच नसावीत.

आरोग्य व कायदा : पाला जळत नसल्याने कार्बन मोनॉक्साइड व डांबरी द्रव्ये धुराच्या मानाने कमी निर्माण होतात. परंतु कमी म्हणजे निर्धोक नव्हे. निकोटीन वा गांजातील मादक द्रव्य वाफेतूनही शरीरात जाते आणि तापमान चढल्यास पाला करपून वाफेत धूर मिसळतो. अमेरिकेत २०१९-२० मध्ये बाष्परूप द्रव्ये ओढणाऱ्यांत फुप्फुसविकाराची साथ उद्‌भवली. फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ रुग्ण रुग्णालयात दाखल झाल्याची वा मृत्यू पावल्याची नोंद झाली. त्यांपैकी ६८ दगावले. तिचा संबंध मुख्यतः तेलात मिसळलेल्या ई जीवनसत्त्वाच्या ॲसिटेटाशी आढळला. तेथे उपकरण वेगळे होते. पण पोटात निर्धोक असलेला पदार्थ फुप्फुसात घातक ठरू शकतो, हा धडा सर्वच बाष्पकांना लागू पडतो.

भारतात अंमली औषधिद्रव्ये व मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५ अन्वये गांजा व चरस यांवर निर्बंध आहेत. इलेक्ट्रॉनिक सिगारेट प्रतिबंधक अधिनियम, २०१९ मधील व्याख्येत निकोटीन असो वा नसो, पदार्थ तापवून श्वासावाटे घेण्यासाठी वायुकलिल निर्माण करणारी विद्युत् साधने येतात. औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम, १९४० खाली परवाना असलेली उत्पादने यातून वगळली आहेत. संपूर्ण साधन किंवा त्याचा कोणताही भाग बनविणे हा गुन्हा असून पहिल्या अपराधास एक वर्षापर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. छंदासाठी म्हणून वेगळी सवलत नाही. त्यामुळे येथील कारागिराला या उपकरणाचे मोल त्यातील हिशेबापुरतेच आहे. तापक, गाभ्याचे वजन, पोकळीचे अंतर व लाकडाची सोशिकता यांचा तोच मेळ डागणीची मूठ, झाऱ्याचा दांडा किंवा विजेची धूपदाणी बनवितानाही घालावा लागतो.