नोकरी सांभाळून समुपदेशन शिकताना

समुपदेशनाच्या एम.ए.ला नोकरीतली माणसं येतात ती बहुधा एकच भांडवल घेऊन : ‘लोक माझ्यापाशी मन मोकळं करतात.’ आमच्या गटातही तसंच होतं. महापालिकेच्या शाळेतले एक सर, रुग्णालयात पाळ्या करणाऱ्या एक सिस्टर, एचआरमधली एक मुलगी आणि बँकेतली मी. चौघांचीही खात्री होती की ऐकणं आपल्याला येतं, आता त्याला पदवीची जोड दिली की झालं.

मी इग्नूचा रस्ता धरला, कारण तिथे मानसशास्त्राच्या एम.ए.ला कोणत्याही शाखेची पदवी चालत असे आणि माझी होती बी.कॉम. अभ्यासक्रम ६४ श्रेयांकांचा. एका श्रेयांकामागे ३० तासांचा अभ्यास धरलेला, म्हणजे हिशेब १,९२० तासांवर जातो. तो कमीत कमी दोन आणि जास्तीत जास्त चार वर्षांत बसवायचा. पहिल्या वर्षी स्मृती, व्यक्तिमत्त्वाचे सिद्धान्त, संशोधनपद्धती आणि संख्याशास्त्र. जेवणं उरकली, ओटा आवरला की पुस्तकं उघडायची. ३० टक्के गुण स्वाध्यायांना, आणि ते हाताने लिहायचे. दिवसभर कीबोर्डवर चालणारी बोटं अर्ध्या पानात आखडतात. परीक्षा जूनला नाहीतर डिसेंबरला. हे सगळं कष्टाचं आहे, पण चिकाटी असली की निभतं. खरं शिक्षण दुसऱ्या वर्षी, समुपदेशन हा विशेष विषय घेतल्यावर सुरू होतं.

पुस्तक घरपोच येतं, सराव घरपोच येत नाही. म्हणून आम्ही चौघांनी एका अनुभवी समुपदेशक मॅडमकडे रविवारी सकाळी बसायचं ठरवलं. पद्धत साधी : एकाने समुपदेशक व्हायचं, एकाने आपला खराखुरा पण झेपेल एवढाच प्रश्न मांडायचा आणि बाकीच्यांनी बाजूला बसून नोंदी घ्यायच्या. त्यातली एक बैठक मी निरीक्षक म्हणून टिपली होती.

सिस्टर म्हणाल्या, “ड्यूटीवरून घरी आले की दाराशीच थांबते. आत जावंसंच वाटत नाही.”

सर लगेच पुढे सरसावले. “आत गेल्यावर आधी शांतपणे चहा घ्यायचा. पंधरा मिनिटं कुणाशी बोलायचं नाही...”

मॅडमनी हात वर केला. “सर, त्या अजून दाराशीच आहेत. तुम्ही त्यांना स्वयंपाकघरात नेलंत.”

सरांनी चष्मा काढून पुसला. वर्गात मुलाने शंका विचारली की उत्तर द्यायचं, हेच त्यांनी आयुष्यभर केलेलं. सिस्टरांनी पुन्हा तेच वाक्य उच्चारलं. या वेळी सर एवढंच म्हणाले, “दाराशी थांबता...” आणि गप्प बसले. पंखा फिरत होता. सिस्टर पदराच्या टोकाशी चाळा करत राहिल्या. सरांचे ओठ दोनदा हलले, पण शब्द त्यांनी आत ठेवला. मग सिस्टर म्हणाल्या, “आत सासूबाई अंथरुणाला आहेत. म्हणजे पुन्हा पेशंटच. सगळे विचारतात, त्यांनी औषध घेतलं का. मी जेवले का, हे कुणी विचारत नाही.”

चहाचा सल्ला पुरा झाला असता तर हे वाक्य आलं नसतं. नोकरीतल्या माणसाला समुपदेशन शिकताना जे सर्वांत जड जातं ते हेच. शिक्षक समजावतो, नर्स तत्काळ इलाज करते, बँकवाला पर्याय मांडतो. वीस-पंचवीस वर्षं ज्या गुणावर आपण पगार घेतला, तोच गुण समुपदेशनाच्या खुर्चीत आड येतो. तो वाचून सुटत नाही. कुणीतरी समोर बसून हात वर करावा लागतो.

त्यासाठीच व्हर्बॅटिम लिहायचं असतं. संमती घेऊन सरावाची बैठक फोनवर ध्वनिमुद्रित करायची, मग शब्द न् शब्द कागदावर उतरवायचा, ‘हं’ आणि ‘अच्छा’सकट. आम्ही तीन रकाने पाडत असू : समोरचा काय बोलला, मी काय बोलले, त्या क्षणी माझ्या मनात काय चाललं होतं. दहा मिनिटांचं बोलणं उतरवायला अख्खी संध्याकाळ जाते, आणि तिसरा रकाना भरताना घाम फुटतो. कार्ल रॉजर्स यांनी १९४२ साली आपल्या पुस्तकात हर्बर्ट ब्रायन हे बदललेलं नाव दिलेल्या माणसाच्या आठही बैठका ध्वनिमुद्रणावरून जशाच्या तशा छापल्या. तोवर बंद दाराआड काय बोललं जातं, ते समुपदेशकाच्या आठवणीतूनच कळत असे. आमच्या रकान्यांचं मूळ तिथे आहे, असं मी मानते.

इंटर्नशिप एका रुग्णालयाच्या मानसोपचार बाह्यरुग्ण विभागात मिळाली. बँकांना २०१५पासून दुसरा आणि चौथा शनिवार सुट्टीचा. त्या शनिवारांना साठवलेल्या रजा जोडल्या. तिथे ध्वनिमुद्रण नाही. घरी येऊन आठवणीतून लिहायचं, नाव-गाव गाळून. लोकलमध्ये वही उघडायची नाही, हे मॅडमनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम २३ने गोपनीयता हा रुग्णाचा हक्क केला आहे. शेजारच्या सीटवरून कुणी डोकावलं तरी तो मोडतो.

ऑफिसात बातमी पसरली तशी लोक येऊ लागले. “जरा माझ्या मुलाशी बोल ना.” ज्यांच्याशी रोजचा व्यवहार आहे त्यांचं समुपदेशन करायचं नाही, हा नियम. आपल्याकडे नाही म्हणणं किती अवघड! आपुलकी कमी झाली असंच वाटतं. तरी मी नाही म्हणते आणि दुसऱ्या समुपदेशकाचा नंबर देते. त्या मुलाला घरातलं सगळं सांगता यायचं असेल, तर समोर आईची मैत्रीण असून कसं चालेल?

आता या रस्त्याबद्दल. विद्यापीठ अनुदान आयोगाने जुलै-ऑगस्ट २०२५च्या सत्रापासून मानसशास्त्रासह आरोग्यसेवेशी निगडित विषयांचे दूरस्थ आणि ऑनलाइन प्रवेश बंद केले. आधीचे विद्यार्थी अभ्यासक्रम पुरा करू शकतात. नव्यांना मात्र या दाराने येता येणार नाही. रविवारची ती बैठक पाहिल्यावर मला या निर्णयामागचं कारण पटतं. माणसासमोर बसायला शिकवायचं तर माणसं समोर हवीत. पण नियमित महाविद्यालयाची वेळ सकाळी अकरा ते पाच असेल, तर आमच्या सरांनी आणि सिस्टरांनी यायचं कसं? निम्हान्सच्या २०१५-१६च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात वेगवेगळ्या मानसिक विकारांमध्ये उपचारांपासून वंचित राहणाऱ्यांचं प्रमाण ७० ते ९२ टक्के आढळलं होतं. एवढी गरज असताना आयुष्य पाहिलेली, वॉर्ड आणि वर्ग पाहिलेली माणसं बाहेर ठेवणं परवडणारं नाही. मुंबई-पुण्यात कायद्याचे वर्ग सकाळी लवकर किंवा संध्याकाळी भरतात, नोकरदार तिथे वर्षानुवर्षं शिकत आले आहेत. समुपदेशनाचे वर्गही तसेच भरवावेत, सुपरव्हिजन शनिवार-रविवारी ठेवावं. विद्यापीठांनी हे मनावर घ्यावं.

आणि जे प्रवेशाचा विचार करत आहेत त्यांनी फी भरण्याआधी दोन गोष्टी लेखी विचारून घ्याव्यात : प्रत्यक्ष माणसासमोर बसण्याचे तास किती आहेत, आणि त्या वेळी माझं काम तपासायला कोण असणार आहे.