गाडीला कुणी हात लावला?

रात्री गाडी नीट उभी केली आणि सकाळी पाहतो तो ती सुरूच होईना, असा प्रसंग तुमच्यापैकी पुष्कळांवर आला असेल. अशा वेळी मनात पहिला विचार कोणता येतो? 'गाडी बिघडली' हा नव्हे. 'कुणीतरी काहीतरी करून ठेवलंय' हा! आणि हा 'कुणीतरी' फारसा दूरचा नसतो.

मी स्वतः यातून गेलो आहे. पावसाळ्याचे दिवस होते. गाडी लावण्याच्या जागेवरून शेजाऱ्यांशी कुरबुर चाललेली. एके सकाळी इंजिन आचके देऊ लागले. बॉनेट उघडले, तर एक वायर तुटलेली! मी तावातावाने शेजाऱ्यांच्या दाराकडे निघालो, तेवढ्यात मेकॅनिक म्हणाला, "सर, थांबा. हे टोक बघा की आधी." चाकूने कापलेली वायर सरळ, गुळगुळीत तुटते. इथे आवरणावर बारीक, जोडीजोडीच्या खाचा होत्या आणि बॅटरीच्या आडोशाला चार काळ्या लेंड्या. उंदराचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात. त्याला सतत काहीतरी कुरतडावेच लागते. त्यातून पावसात बॉनेटखालची ऊब आयतीच मिळते. (पुढे कळले, की शेजाऱ्यांच्या स्कूटरचीही वायर त्याच सुमारास तुटली होती. त्यांचा संशय कुणावर होता, हे सांगायला नकोच!)

टाकीत साखर घातल्याची कथा तर घरोघरी ऐकू येते. पण साखर पेट्रोलमध्ये जवळजवळ विरघळतच नाही. ती तळाशी बसते. फार तर गाळणी तुंबेल. इंजिनात पाक होऊन ते घट्ट बसते, ही निव्वळ समजूत. खरा त्रास पाण्याचा. पाणी पेट्रोलहून जड, म्हणून तळाशी जाते आणि पंप नेमका तळातूनच ओढतो. मात्र झाकण सैल राहिले, तर हे पाणी पावसाचेही असू शकते. तसेच, गाडीखाली स्वच्छ, बिनवासाचे पाणी दिसले, तर ते बहुधा वातानुकूलन यंत्राचे असते. थंडीत टायरमधील हवेचा दाब थोडा उतरतो, तोही आपोआपच.

ब्रेकच्या बाबतीत मात्र हयगय नको. ब्रेक ऑइलची पातळी पॅड झिजतील तशी हळूहळू उतरते, ते ठीक. पण ती एकाएकी उतरली, चाकाच्या आतल्या बाजूस ओघळ दिसले किंवा पेडल तळापर्यंत जाऊ लागले, तर गाडी एक पाऊलही हलवू नका. कारण कुणाचा हात असो वा नुसती जुनी नळी, धोका तोच. मेकॅनिकला जागेवर बोलवा.

आणि संशयाला खरोखरच आधार सापडला तर? समजा, कापलेली वायर, टायरच्या बाजूच्या भिंतीत पात्याची सरळ चीर, उचकटलेले कुलूप. मग कशालाही हात न लावता आधी छायाचित्रे घ्या. इमारतीच्या कॅमेऱ्यातील चित्रण लगेच मागून ठेवा. जुने चित्रण काही दिवसांत पुसले जाते. मेकॅनिककडून काय आढळले ते लिहून घ्या आणि तुटलेला भाग फेकू देऊ नका. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 324 मध्ये अशा नुकसानीला 'आगळीक' म्हटले आहे. तिथेही नुसते नुकसान दाखवून भागत नाही. ते करण्याचा हेतू किंवा तशी जाणीव होती, हे सिद्ध व्हावे लागते. म्हणून तक्रारीत काय दिसले तेवढेच लिहा. शेजाऱ्यांशी झालेले भांडण विचारले, तर सांगा.