पाठ टेकली म्हणजे हरलो? जिउ-जित्सूविषयीचे सहा गैरसमज

माळशिरस तालुक्यात गावची जत्रा म्हटली की कुस्त्यांचा फड आलाच. त्यामुळे मोबाईलवर ब्राझिलियन जिउ-जित्सूची लढत दिसली, की इथला पोरगा ती पैलवानाच्या डोळ्यानेच पाहतो. या डोळ्याला बरंच काही बरोबर दिसतं. पण नेमक्या मोक्याच्या जागी तो फसतो.

गैरसमज : हा कराटेचाच एक प्रकार.
वस्तुस्थिती : यात ठोसा नाही, लाथ नाही. मूळ आहे जपानी ज्युदोत. ज्युदोचे जनक जिगोरो कानो यांच्या कोडोकान या शाळेत शिकलेले मित्सुयो माएदा १९१४ मध्ये ब्राझीलला पोचले. त्यांच्याकडे कार्लोस ग्रेसी शिकले. कार्लोस आणि त्यांचे धाकटे भाऊ हेलियो यांनी जमिनीवरच्या झुंजीवर भर देऊन ही पद्धत घडवली. सांधा अडकवून किंवा गळा आवळून समोरच्याला शरण आणायचं, हा तिचा गाभा.

गैरसमज : पाठ लागली की खेळ संपला.
वस्तुस्थिती : कुस्तीत चितपट झाला की निकाल. इथे उताणा पडलेलाही लढत असतो. दोन्ही पायांनी तो समोरच्याला थोपवतो आणि तिथूनच त्याचा हात किंवा गळा धरतो. याला ‘गार्ड’ म्हणतात. स्पर्धेत पाडल्याचे २ गुण मिळतात, गार्ड ओलांडल्याचे ३, छातीवर स्वार झाल्याचे किंवा मागून ताबा घेतल्याचे ४. चितपट टाळायला पैलवान पालथा होऊन माती धरतो. इथे तीच सवय महागात पडते. पाठ उघडी पडते, ४ गुण जातात आणि गळ्याभोवती हात येतो.

गैरसमज : पैलवानाला हे आठ दिवसांत येईल.
वस्तुस्थिती : पट काढणं, तोल, अंगावर वजन टाकणं, दम हे तालमीचं भांडवल खरंच कामी येतं. पण नियम बदलले की अंगाला नव्याने वळण लावावं लागतं. खाशाबा जाधव मातीत तयार झाले. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये मॅट आणि तिथले नियम त्यांना नवे होते. ते सहावे आले. १९५२ मध्ये हेलसिंकीत त्यांनी कांस्यपदक मिळवलं, त्यामागे मधल्या चार वर्षांची मेहनत होती.

गैरसमज : डाव येत असला की वजनाला किंमत नाही.
वस्तुस्थिती : १९९३ मध्ये यूएफसी या झुंजींच्या स्पर्धेच्या पहिल्याच पर्वात साधारण ८० किलोंच्या रॉयस ग्रेसी यांनी मोठमोठे गडी शरण आणले, तेव्हापासून हा समज पसरला. मात्र रॉयसचे वडील हेलियो १९५१ मध्ये बऱ्याच वजनदार मासाहिको किमुरांकडून हरले होते. ज्या डावाने हरले, त्याला आजही ‘किमुरा’च म्हणतात. स्पर्धेत वजनगट आहेत ते उगाच नाहीत.

गैरसमज : रोज जीव तोडून लढलं की लवकर पुढे जातो.
वस्तुस्थिती : महिनाभर झपाटून मग घरी बसण्यापेक्षा आठवड्याला दोन-तीन दिवस, पण वर्षभर न चुकता केलेला सराव अंगात मुरतो. एका वेळी एकच प्रसंग घ्यावा. समजा, छातीवर बसलेल्याच्या खालून सुटायचं. जोडीदाराने आधी सैल राहावं, मग हळूहळू विरोध वाढवावा. पुढे जाणं इथे कमरेच्या पट्ट्याच्या रंगाने मोजतात; क्रम पांढरा, निळा, जांभळा, तपकिरी, काळा. आंतरराष्ट्रीय महासंघाच्या सर्वसाधारण नियमाप्रमाणे निळ्यावर किमान २ वर्षं, जांभळ्यावर दीड आणि तपकिरीवर १ वर्ष काढावं लागतं. प्रत्यक्षात काळ्या पट्ट्यापर्यंत बहुतेकांची दहाएक वर्षं जातात.

गैरसमज : ‘टॅप’ करणं म्हणजे नामुष्की.
वस्तुस्थिती : हाताने थाप मारली की जोडीदार लगेच सोडतो आणि दोघं पुन्हा भिडतात. ही सोय आहे म्हणूनच जोर लावून रोज सराव करता येतो. गळा नीट आवळला गेला तर मेंदूचा रक्तपुरवठा अडून काही सेकंदांत शुद्ध हरपते. टाच पिळण्याच्या डावात तर फारसं दुखण्याआधीच गुडघ्याला इजा होऊ शकते. सरावात थाप मारायला उशीर करणारा पुढचे कित्येक आठवडे घरी बसतो.

त्यामुळे व्हिडिओ पाहून मित्राचा गळा आवळण्याचा प्रयोग नको. हे डाव जाणत्या शिक्षकाच्या देखरेखीखालीच शिकावेत. वर्ग पुण्या-मुंबईकडे आहेत. तिथे जाणं जमेपर्यंत गावची तालीम सोडू नये. पट, तोल आणि दम तिथेच तयार होतो.